भागूबाईची चौकट

भागूबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. लग्नानंतर आठवडाभरातच नवऱ्याने ते तिला चिकटवलं आणि पुढे नाट्यगृहाच्या फाटकापासून तालमीच्या खोलीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसलं. बाई होतीच तशी भित्री. घराला कुलूप लावून जिना उतरायला लागली की अर्ध्यातून परत वर जाऊन कुलूप ओढून बघायची. गॅस बंद केला का, इस्त्रीची पिन काढली का, खिडकीतल्या कुंडीचा तोल नीट आहे का, या प्रश्नांनी तिच्या डोक्यात कायमचं बिऱ्हाड केलं होतं. नवरा उशिरा आला तर त्याला नक्की अपघात झालेला असायचा, आणि लवकर आला तर त्याची नोकरी गेलेली असायची. अगदी वेळेवर आला तर ती त्याच्या कपाळाला हात लावून बघायची.

नवरा त्याच नाट्यगृहात सुतार होता. नाटकांचे जिने, दारं, खिडक्या, खोटे डोंगर, सगळं त्याच्या हातचं. माणूस दणकट आणि हसरा. तिने काही भीती बोलून दाखवली की तो आधी खो खो हसायचा, मग म्हणायचा, "झालं का घाबरून? मग चहा टाक." आणि खरंच, तो हसला की तिच्या पोटातला गोळा थोडा सैल व्हायचा. असं दोघांचं जमून गेलं होतं. घाबरायचं खातं तिच्याकडे, हसायचं त्याच्याकडे.

तिचं काम प्रेक्षागृहाच्या मागच्या बाजूला, काचेच्या खोलीत. रंगमंचाच्या पाठीमागे मोठा पडदा होता, त्याच्यावर आकाश, रस्ते, जंगलं दिसायची, ती ही बाई दाखवायची. खोलीत यंत्रांनी भरलेलं एक लोखंडी कपाट होतं आणि त्यात तिचा लाडका स्केलर. स्केलर म्हणजे काय, तर कुठूनही आलेलं चित्र घ्यायचं, ते हवं तेवढं लहान-मोठं करायचं, वर-खाली सरकवायचं आणि समोरच्या पडद्यात चपखल बसवायचं. दिसायला चपटा डबा, समोर चार बटणं आणि एक गोल खुंटी. खुंटी फिरवली की आकाश मोठं व्हायचं, उलटी फिरवली की लहान. बटणाने 'जागा' निवडली की तीच खुंटी चित्र वर-खाली सरकवायची.

या कामात मात्र तिचा हात कोणी धरू शकत नव्हतं. तिचे दोन नियम होते. एक, चित्र ताणायचं नाही. लांबट पडद्यात बसवायचं म्हणून चौकोनी चित्र आडवं ओढलं की माणसं बुटकी, जाडी होतात आणि भिंतीवरचं घड्याळ अंड्यासारखं दिसतं. असलं चित्र कुठे दुकानात दिसलं तरी ती नवऱ्याला कोपराने ढोसायची. दुसरा नियम, पडद्याच्या कडेला काळी पट्टी दिसता कामा नये. काळी पट्टी म्हणजे तिला अंगावर ठिगळ लावून लग्नाला गेल्यासारखं वाटायचं. मग गोल ते गोल ठेवून आणि पट्टी न ठेवता चित्र बसवायचं कसं? तर मोठं करायचं, बाजू भरेपर्यंत मोठं करायचं, आणि वरखाली जे उरेल ते कापून टाकायचं. या धंद्यातले निम्मे लोक हेच करतात आणि त्यात कोणाचं काही बिघडत नाही. आकाशाचा एक तुकडा कमी झाला तर कोण विचारतो?

एकदा नेमून दिलेली चौकट कोणी हलवू नये म्हणून ती स्केलरला कुलूपही घालायची. खरं कुलूप नव्हे, एक बटण दाबून धरलं की बाकीची बटणं गप्प व्हायची, आणि पुन्हा तेच बटण चांगलं दाबून धरल्याशिवाय बोलायची नाहीत. हे कुलूपही ती जाता जाता पुन्हा तपासायची, हे सांगायला नको.

आता रंगमंचाखालची गोष्ट. रंगमंचाच्या मधोमध जमिनीचा एक मोठा चौकोन होता, तो खाली तळघरात जायचा आणि सामान घेऊन वर यायचा. सगळे त्याला लिफ्टच म्हणत. ती चालवायला मामा होते. कोणाचे मामा होते ते कोणालाच माहीत नव्हतं, पण तरुणपणापासून ते याच कामावर. तळघराच्या एका टोकाला त्यांची केबिन, आणि तिथून लिफ्ट दिसत नसे. म्हणून लिफ्टसमोर कॅमेरा बसवला होता आणि मामा टीव्हीवर बघून लिफ्ट चालवायचे. बटण दाबून धरलं की लिफ्ट चालायची, सोडलं की जागच्या जागी थांबायची, आणि वर जमिनीला मिळाली की आपोआपच थांबायची. वर रंगमंचाच्या जमिनीची सिमेंटची जाड कड होती. लिफ्ट त्या कडेला येऊन मिळताना मध्ये काही सापडलं तर काय होईल, हे मामा नव्या माणसाला एक काठी त्यात घालून दाखवायचे. दाखवून झाल्यावर काठीचे दोन तुकडे त्याच्या हातात द्यायचे.

मामांचा जुना टीव्ही फार त्रास द्यायला लागला होता. चित्र मध्येच जायचं, मामा टीव्हीच्या डोक्यावर चापट मारायचे, चित्र यायचं. या सगळ्यात त्यांचा दुसरा हात बटणावरच असायचा. सवयच झाली होती, गेलंय तर येईल. शेवटी मॅनेजरने नवा टीव्ही घेतला. नवा म्हणजे लांबट, आणि कॅमेरा जुनाच, चौकोनी चित्राचा. लावल्यावर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या.

मामांना पट्ट्यांचं काही नव्हतं. भागूबाईला मात्र ते बघवेना. कॅमेऱ्याची तार तिच्या खोलीतून जात होती. तिने जास्तीचा एक स्केलर मध्ये जोडला आणि चित्र मोठं करत गेली. पट्ट्या गेल्या. पण खालच्या कडेला लाल दिवा होता, लिफ्ट चालू असली की पेटणारा, तो अर्धा कापला गेला. धोक्याचाच दिवा कापला तर कसं होईल? तिने चित्र वर सरकवलं, दिवा पूर्ण आत घेतला. त्यामुळे जे काही कापायचं ते सगळं वरून कापलं गेलं. वर काय होतं? सिमेंटची ती कड. तिथे कधीच काही हलत नव्हतं. लिफ्ट त्या वेळी खाली होती, तिच्यावर रिकामी खुर्ची ठेवलेली, आणि खुर्ची अगदी छान मध्यावर दिसत होती.

मामा फोनवर म्हणाले, "वा वा, सिनेमाच झाला की."

तिने कुलूप घातलं, पुन्हा तपासलं आणि समाधानाने घरी गेली. जगातल्या झाडून सगळ्या गोष्टींना भिणारी बाई त्या रात्री गाढ झोपली.

लिफ्ट वर जाते तेव्हा ती चित्रातही वर जाते, एवढी साधी गोष्ट तिच्या ध्यानात आली नाही. आणि शेवटी लिफ्ट चित्राबाहेर जाते, ही मामांना नव्या टीव्हीचीच रीत वाटली.

त्या महिन्यात जे नाटक चालू होतं त्यात पहिल्या अंकाच्या शेवटी अंधार व्हायचा आणि लिफ्टवरून एक भला मोठा जिना वर यायचा. जिन्याला चाकं होती आणि चाकांचा ब्रेक घसरायचा. म्हणून सुतार स्वतः लिफ्टवर बसून जिना धरून वर यायचा. नियमात हे बसत नव्हतं, पण नाटकात जिना घरंगळत पहिल्या रांगेत जाणंही बसत नव्हतं. सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे गप्प होते. भागूबाई तेवढी रोज कटकट करायची. तिच्या खोलीत दोन छोटे पडदे होते. एकावर कॅमेऱ्याचं मूळ चित्र यायचं, दुसऱ्यावर स्केलरमधून मामांकडे जाणारं. त्यातल्या पहिल्या पडद्यावर ती नवऱ्याला बघत राहायची. हे त्यालाही माहीत होतं. कधी कधी तो कॅमेऱ्याकडे बघून भुवया उडवायचा.

ज्या दिवसाची ही गोष्ट, त्या दिवशी सकाळपासून त्याचा गुडघा सुजला होता. पाय दुमडला की कळ यायची आणि सरळ केला की अडकून बसायचा.

"आज दुसऱ्या कोणाला बसवा," ती म्हणाली.

"दुसरा कोण? मॅनेजरला बसवू? जिना राहील बाजूला, त्यालाच धरावं लागेल."

"अहो, मला भीती वाटतेय."

"ते तर तुला पावावर लोणी जास्त झालं तरी वाटतं," तो हसत म्हणाला आणि लंगडत तळघराकडे गेला.

पहिला अंक संपत आला. अंधार झाला. पडद्यावरचं आकाश तिने विझवलं आणि छोट्या पडद्याकडे वळली. तळघरातल्या निळ्या उजेडात नवरा लिफ्टच्या काठाशी बसलेला दिसला, पाठ जिन्याला टेकलेली, एक हात ब्रेकवर, गुडघे पोटाशी. मॅनेजरने मामांना हिरवा दिवा दिला. लाल दिवा पेटला. लिफ्ट हळूहळू वर सरकू लागली.

अर्ध्याच्या थोडी वर गेल्यावर त्याचा चेहरा वाकडा झाला. कळ आली असणार. त्याने दुखरा पाय हाताने धरून सरळ केला. पाय लिफ्टच्या काठाबाहेर आला.

तिने स्वतःलाच समजावलं, मामा बघतायत, मामा थांबवतील. लिफ्ट थांबली नाही. मामा का थांबवत नाहीत? तिने दुसऱ्या पडद्याकडे पाहिलं. तिथे चित्र कडेपासून कडेपर्यंत भरलेलं होतं, लाल दिवा खाली पूर्ण दिसत होता, आणि नवरा कुठेच नव्हता. ना पाय, ना लिफ्ट. लिफ्टखालचे लोखंडी खांब तेवढे दिसत होते.

तेव्हा तिला कळलं. जिथे कधी काही हलत नाही म्हणून तिने कापून टाकलं होतं, तिथे तिचा नवरा बसला होता.

तिने हेडफोनचं बटण दाबलं. "मामा, थांबवा. मामा, त्यांचा पाय बाहेर आहे." उत्तर आलं नाही. मोटर सुरू झाली की काही ऐकूच येत नाही म्हणून मामा हेडफोन काढून ठेवायचे, हे तिला माहीत होतं. मॅनेजरला हाका मारल्या. तो इशारा देऊन नटांच्या मागे धावला होता. पळत जावं तर मध्ये पूर्ण प्रेक्षागृह, मग विंग, मग तळघराचा जिना. मामांच्या कानांपर्यंत पोहोचायला वाट नव्हती. डोळ्यांपर्यंत होती, आणि ती या कपाटातून जात होती.

तार उपटावी? हात तारेकडे गेलासुद्धा. पण चित्र गेलं तर मामा काय करतील ते तिने पुष्कळ वेळा पाहिलं होतं. एका हाताने चापट मारतील आणि दुसरा बटणावर तसाच ठेवतील. गेलंय तर येईल. चित्र जाऊन चालणार नव्हतं. पाय दिसायला हवा होता.

तिने स्केलरची खुंटी फिरवली. काहीच झालं नाही. कुलूप. तिनेच घातलेलं, तिनेच तपासलेलं.

बटण दाबून धरलं. बोट इतकं थरथरत होतं की ते निसटलं आणि पहिल्यापासून धरावं लागलं. या वेळी तिने एका हाताचं बोट दुसऱ्या हाताने आवळून धरलं. शेवटच्या टप्प्यात धक्का बसू नये म्हणून लिफ्ट अगदी सावकाश व्हायची. त्या सावकाशपणाचा तिला आधार वाटावा की घाम फुटावा ते कळत नव्हतं. छोट्या पडद्यावर नवरा मांडीला धरून पाय ओढत होता. पाय येत नव्हता. गुडघा अडकला होता. मग त्याने जवळ येणाऱ्या कडेकडे पाहिलं, आणि मग मान वळवून सरळ कॅमेऱ्याकडे. त्याचे ओठ हलत होते. तो काहीतरी पुन्हा पुन्हा म्हणत होता. त्या चित्राला आवाज नव्हता. तिने लग्नापासून इतक्या वर्षांत त्याचा असा चेहरा कधी पाहिला नव्हता.

कुलूप उघडलं. गेल्या वेळी शेवटी चित्र सरकवलं होतं, म्हणून यंत्र तिथेच उघडलं. आकार नको, जागा तर जागा. तिने खुंटी उलटी फिरवायला सुरुवात केली. चित्र खाली सरकू लागलं. आधी लाल दिवा गेला. मग खांब खाली गेले, लिफ्टचा तळ आला, काठ आला. ती फिरवतच राहिली, मनगट दुखेपर्यंत. आणि दुसऱ्या पडद्याच्या वरच्या भागात एक बूट आला, आणि बुटाच्या अगदी वर सिमेंटची कड.

लिफ्ट थांबली.

पुढे काय झालं ते तिला पुसट आठवतं. लिफ्ट थोडी खाली आली, कोणीतरी धावलं, पाय आत घेतला, जिना वर गेला. प्रेक्षकांना वाटलं अंधार जरा लांबला. उजेड आल्यावर त्यांनी जिन्यालाच टाळ्या दिल्या. तिने आकाश वेळेवर लावलं, हे तिला नंतर दुसऱ्यांनी सांगितलं.

मध्यंतर होताच ती तळघरात उतरली. जिन्याचा कठडा धरून धरून उतरली. मामा केबिनबाहेर स्टुलावर बसले होते आणि भेटेल त्याला तेच सांगत होते, "कॅमेरा हलला बघा. आपोआप. टीव्हीवर चित्र घसरलं, मी चापट मारणार तेवढ्यात पाय दिसला. कॅमेरा हलला म्हणून वाचला माणूस."

नवरा एका खोक्यावर बसला होता, पाय समोर लांब केलेला. तिला बघून तो हसला. "बघ, सगळा आहे. मोजून घे. मामांना डुलकी लागली होती, दुसरं काय."

मामांनी मान खाली घातली. म्हातारा माणूस, सगळं आयुष्य या बटणावर गेलेलं. आपण गप्प राहिलो तर हे यांच्या नावावर जाणार, हे तिला दिसत होतं. बोललो तर नोकरी जाईल हेही दिसत होतं, आणि नवरा पुन्हा आपल्याकडे पूर्वीसारखं बघेल की नाही, ही भीती त्याहून मोठी होती.

"मामांना डुलकी नव्हती लागली," ती म्हणाली. "आणि कॅमेराही नाही हलला. चित्र मी सरकवलं." तिचा आवाज तिलाच परका वाटला. "आणि आधी मीच कापलं होतं. पट्ट्या दिसू नयेत म्हणून. वरचं काहीच मामांना दिसत नव्हतं."

मामांनी तिच्याकडे बघितलं, मग सुताराकडे.

"कधीपासून?" नवऱ्याने विचारलं.

"नवा टीव्ही आला तेव्हापासून."

म्हणजे या नाटकाचा प्रत्येक प्रयोग. तो किती वेळा तिथे बसून वर गेला होता हे त्याच्या मनात चाललंय, हे तिला कळलं. मामा उठले, मॅनेजरला काय ते सांगायला हवं असं पुटपुटले आणि जिन्याकडे गेले. जाताना त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, पण नीट टेकवला नाही.

ती खाली बसली आणि नवऱ्याच्या बुटाची नाडी सोडायला लागली. बुटाच्या वरच्या चामड्यावर, बोटांपासून नडगीच्या बाजूला, सिमेंटची पांढरी रेघ उमटली होती. आत दबलेली. तिने रेघेवर बोट ठेवलं आणि वर पाहिलं. "लागली होती?"

"टेकली होती," तो म्हणाला. आता तो हसत नव्हता. "टेकली आणि थांबली." मग म्हणाला, "उभं राहता येत नाहीये गं. गुडघ्यामुळे नाही. मघापासून बसलोय तो म्हणूनच."

त्याचे हात मांडीवर पालथे होते आणि कापत होते. तिने आजवर त्याचा धीर इतक्या वेळा उसना घेतला होता, की तो कधी संपू शकेल हे तिच्या मनातही आलं नव्हतं. तिने ते हात धरले. तिचेही कापतच होते, त्यामुळे फारसा उपयोग झाला नाही.

"तुम्ही कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी म्हणत होता," ती म्हणाली. "मला ऐकू येत नव्हतं. मामांना हाक मारत होता का?"

"नाही."

"मग?"

त्याने तिच्या डोक्यावरून पलीकडे, कॅमेऱ्याकडे पाहिलं. दुसऱ्या अंकाची घंटा वाजली आणि थांबली.

"तुला सांगत होतो," तो म्हणाला. "बघू नकोस म्हणून."